संगणक बदलला म्हणून प्रिंटर भंगारात का?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीच्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबविल्या. ज्यांनी वेगळी नोंदणी केली त्या घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत दिली. शहरी वर्तमानपत्रांत ही बातमी आतल्या पानावर आली आणि गेली. आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याचा तिच्याशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. संबंध आहे, आणि तो थेट खिशाशी आहे.

जिंतूर असो की पालम, सेलू असो की सोनपेठ, ग्रामपंचायतीत, सोसायटीत आणि आपले सरकार सेवा केंद्रात बसविलेले बरेचसे संगणक जुने आहेत. ‘विंडोज ११’ त्यांच्यावर चढत नाही. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणून संगणक नवा येतो. तो टेबलावर मांडला जातो, जुन्या प्रिंटरची वायर जोडली जाते, आणि प्रिंटर ढिम्म हलत नाही. स्कॅनरचा दिवा लागतो, पण संगणकाला तो दिसतच नाही. मग मेकॅनिक येतो आणि सांगतो, “साहेब, हे मॉडेल आता चालत नाही, नवीन घ्या.” तोवर दाराशी अर्जाचे कागद घेऊन उभा असलेला माणूस गंगाखेडला नाहीतर परभणीला चकरा मारतो. एस.टी.चे भाडे त्याचे, बुडालेली मजुरी त्याची, आणि अर्जाची शेवटची तारीख हुकली तर नुकसानही त्याचेच.

मुद्दा एवढाच आहे, की अशा वेळी प्रिंटर बहुधा बिघडलेला नसतो. बिघडलेला असतो तो सांधा.

शेतकरी बंधूंना हे समजावून सांगण्याची गरज नाही. नवा मोठा ट्रॅक्टर घेतला आणि त्याला जुना पलटी नांगर जोडायला गेलो, तर कधी कधी पिन बसत नाही. लहान ट्रॅक्टरची खालच्या लिंकची पिन २२ मिलिमीटरची, मोठ्याची २८ ची. नांगराचा फाळ चांगला, माती तीच, ट्रॅक्टरही नवा कोरा. म्हणून कोणी नांगर भंगारात घालतो का? बुश आणतो आणि कामाला लागतो. संगणक आणि प्रिंटर यांच्यामधला हा बुश म्हणजे ‘ड्रायव्हर’ नावाचे छोटे सॉफ्टवेअर. ते प्रत्येक विंडोजसाठी वेगळे बनवावे लागते. जुन्या संगणकांत बहुधा ३२ बिटचे विंडोज असे; विंडोज ११ फक्त ६४ बिटचे आहे, आणि ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही. कंपनीने त्या मॉडेलसाठी नवा ड्रायव्हर काढला असेल तर काम सोपे, नसेल तर थोडी खटपट.

म्हणून पहिले काम मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून घेण्याचे. प्रिंटरच्या मागे किंवा पोटाखाली चिठ्ठी असते. कार्यालयांतून सर्रास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० घ्या. त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर कंपनीने काढलेला आहे. तो उतरवून घेतला की बहुतेक ठिकाणी काम भागते. एचपी लेझरजेट १०२० ची गंमत वेगळी. त्या यंत्राच्या पोटात स्वतःची अक्कल जवळजवळ नाहीच. दर वेळी चालू केल्यावर संगणकच त्याला आतले सॉफ्टवेअर पाठवतो, तेव्हा ते जागे होते. त्यामुळे विंडोजमधील सर्वसाधारण ड्रायव्हर देऊन भागत नाही, त्याचाच ड्रायव्हर पाहिजे. “वायर बदलून पाहिली, केबल नवी आणली” असे सांगणारे भेटतात. केबलचा दोष शंभरात एखाद्या ठिकाणी असेलही, पण आधी ड्रायव्हर पाहावा.

ड्रायव्हर घ्यायचा तो कंपनीच्याच संकेतस्थळावरून. ‘फ्री ड्रायव्हर डाउनलोड’ म्हणून शोधले की दहा दुकाने समोर येतात आणि त्यांतील काही ड्रायव्हरबरोबर भलतेच सामान संगणकात घुसवतात. ज्या संगणकावर गावाचे आधार क्रमांक आणि बँक खाती टाइप होतात, त्यावर असले काही शिरणे म्हणजे बियाण्याच्या पोत्यात गाजरगवताचे बी मिसळण्यासारखे आहे. जुना ड्रायव्हर बसावा म्हणून विंडोजची ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही राखण बंद करा, असा सल्ला देणारेही आहेत. तो ऐकू नये. एका प्रिंटरसाठी घराचे दार उघडे ठेवून झोपण्यात शहाणपण नाही.

स्कॅनरचे दुखणे प्रिंटरपेक्षा जुनाट. काही जुन्या मॉडेलांना कंपनीने ६४ बिटचा ड्रायव्हर दिलाच नाही. तेथेही दोन वाटा आहेत. एक म्हणजे व्ह्यूस्कॅनसारखे सॉफ्टवेअर. ते विकत घ्यावे लागते, पण जुन्या स्कॅनरांची फार मोठी यादी त्याला चालते, आणि आपला स्कॅनर चालतो का हे पैसे देण्याआधी पाहता येते. दुसरी वाट लिनक्सची. पेनड्राइव्हवर लिनक्स घालून संगणक त्यावरूनच सुरू करता येतो, आतल्या विंडोजला हात न लावता. कॅनोस्कॅन लाईड ११० सारखे स्कॅनर त्यावर वेगळा ड्रायव्हर न शोधता चालतात. लिनक्स म्हटले की आपल्याकडे मंडळी बिचकतात. केरळातील सरकारी शाळांचे संगणक कितीतरी वर्षे त्यावर चालत आहेत. आणि गंमत अशी, की ज्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतून हे सारे उभे राहिले, तिच्या मुळाशीही प्रिंटरच होता. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन यांना १९८० च्या सुमारास नव्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरची मूळ प्रत मिळाली नाही, म्हणून त्यांना त्यात दुरुस्ती करता येईना. तो सल मनात राहिला आणि १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला.

मात्र सेवा केंद्र चालविणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. अंगठा घेण्याचे यंत्र आणि डिजिटल सहीची टोकन यांचे सॉफ्टवेअर बहुतांशी विंडोजसाठी असते. म्हणून सगळा कारभार लिनक्सवर नेण्याच्या भानगडीत पडू नये. जुना संगणक लिनक्स घालून केवळ स्कॅनिंग-छपाईसाठी कोपऱ्यात ठेवावा. जुने विंडोज ७ तसेच ठेवायचे असेल तर त्याची इंटरनेटची वायर काढून टाकावी, कारण त्याच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० लाच थांबल्या. पेनड्राइव्हही त्याच कामापुरता वेगळा ठेवावा.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तर अजून मरायला तयार नाहीत. त्यांना विंडोजचा ‘जेनेरिक टेक्स्ट’ ड्रायव्हर चालतो, पण त्यातून मराठी उमटत नाही; मराठी पावती हवी असेल तर त्या मॉडेलला जुळणारा ग्राफिक छपाईचा ड्रायव्हरच घालावा लागतो.

आता थोडे कडू बोलतो. स्कॅनर बंद पडला म्हणून जेवढी कामे अडतात, त्यांतील कितीतरी कामांना स्कॅनर लागायलाच नको. डिजिटल सही असलेला सातबारा पीडीएफ म्हणूनच उतरतो. तो छापायचा, मग तोच कागद स्कॅन करायचा आणि अर्जाला जोडायचा, हा प्रकार आपल्याकडे राजरोस चालतो. या फेऱ्यात कागद जातो, शाई जाते, अक्षर फिकट होते, आणि मुख्य म्हणजे पीडीएफमधली डिजिटल सहीच गळून पडते. उतरलेली फाइल जशीच्या तशी जोडावी. शेतकरी बांधवांनीही “आधी प्रिंट काढा” हा हट्ट धरू नये. घरी ठेवायला प्रत हवी असेल तर ती शेवटी काढावी.

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागू झाला आहे, त्यामुळे कागद हळूहळू कमी होतील. तरीही अवजाराचे कोटेशन, खरेदीचे बिल, सामाईक क्षेत्राचे संमतीपत्र हे कागद स्कॅन करावेच लागतात. साध्या कागदाला १५० ते २०० डीपीआय आणि करडा रंग पुरेसा होतो. ६०० वर स्कॅन करून मग फाइल मोठी झाली म्हणून डोके धरण्यात अर्थ नाही. मोबाइलने फोटो काढावा लागलाच तर उन्हाच्या तिरिपीत नव्हे, सावलीत, कागद सपाट ठेवून काढावा. अंगठ्याची सावली सर्व्हे नंबरवर पडलेले फोटो आम्ही कमी पाहिलेले नाहीत.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना (ज्यांना गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात) एक विनंती आहे. नव्या संगणकाचे दरपत्रक मागविताना त्यातच अट घाला, की पुरवठादाराने सध्याचा प्रिंटर व स्कॅनर जोडून, एक पान छापून आणि एक पान स्कॅन करून दाखवावे, मगच बिल निघेल. पुरवठादार त्या क्षणी जेवढा मन लावून काम करतो, तेवढा बिल मिळाल्यावर करीत नाही. संगणक, प्रिंटर आणि स्कॅनर यांचे मॉडेल नंबर जडवस्तू नोंदवहीत लिहून ठेवा, आणि चालणाऱ्या ड्रायव्हरची फाइल एका पेनड्राइव्हवर कपाटात ठेवा. निर्लेखनाचा ठराव घेताना ‘नादुरुस्त’ एवढा एक शब्द पुरे नाही; दुसऱ्या संगणकावर जोडून पाहिले काय, हे ठरावात लिहा. काच फुटली असेल, रोलर झिजले असतील, सुटा भाग मिळत नसेल, तर खुशाल काढून टाका. जुने ते सगळे जपावे असा आमचा आग्रह नाही.

ही सगळी तपासणी एप्रिल-मे मध्ये उरकावी. जून उजाडला की बियाण्यांचे अर्ज, पाठोपाठ पीक विमा, आणि केंद्रासमोर रांग. त्या रांगेत ड्रायव्हर शोधत बसायला कोणाला सवड नसते.