माळकऱ्याच्या घरातली मांजर

आमच्या घरात पिढ्यांपासून माळ आहे. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. तरी मी म्हणते, माळकऱ्याच्या घरातली मांजर आजारी पडून वाळायला लागली, तर तिला मांस शिजवून घालणं हे त्या घराचं कर्तव्य आहे.

आमच्या गावात, रामाकोन्यात, शेतकऱ्याला मांजरीशिवाय भागत नाही. मक्याची पोती, कापसाची खोली, संत्र्याच्या पेट्यांत घालायचं तणस, उंदरांना सगळंच हवं असतं. मांजर त्यांना खाते म्हणून आपलं धान्य टिकतं. म्हणजे ती रोज मांसच खाते, फक्त आपल्यासमोर नाही. आजारी पडली की शिकार थांबते आणि उरते आपण घातलेली दूधपोळी. त्यावर तिचं शरीर चालत नाही.

आमच्या मनीची दाढ खराब झाली, हिरडी सुजली आणि तिने खाणं सोडलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मांजरीचं काय घेऊन बसली वं, गवत खाईन न् होईन बरी." मी मनीला टोपलीत बसवून किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं. साडेतीन किलोची मांजर तीन किलोवर आली होती. अंगावरच्या केसांमुळे डोळ्यांना ते कळत नाही. पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात. माणसाचं अर्धा किलो वजन उतरलं तर कुणी बघत नाही, पण तिच्या अंगाचा तो सातवा हिस्सा होता.

मांजर चार दिवस उपाशी राहिली तरी चालतं, ही समजूत तिच्या जिवावर उठते. पोटात अन्न गेलं नाही की अंगातली चरबी सुटून यकृतात साचते. दोन-तीन दिवसांचा उपास त्याला पुरतो, जाड मांजरीला तर अधिकच. हिरड्या, कान पिवळे पडतात. मग मूळ दुखणं राहतं बाजूला आणि उपासच जीव घेतो.

दूध हा त्यावर उपाय नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. ग्लुकोजचं पाणीही तिला मोहवत नाही, कारण गोडाची चव मांजरीला कळतच नाही. तिला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं. ते तिच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही आणि पोळी, भात, वरण यांतून मिळत नाही. त्याच्या कमतरतेने मांजरीचं हृदय दुबळं होतं, हे अमेरिकेतल्या पॉल पियन यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं.

म्हणून मी मागच्या अंगणात वेगळी चूल मांडली, गंजही वेगळा ठेवला. मीठ, कांदा, लसूण काही न घालता चिकन शिजवलं. कांदा-लसूण मांजरीच्या रक्ताला बाधतात. ते बारीक वाटून, रश्शात पातळ करून, कोमट असतानाच द्यायचं; कोमट असलं की वास उठतो आणि मांजर वासावरच जेवते. तीन किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण शंभर ग्रॅम शिजलेलं चिकन पुरतं, पण उपाशी शरीरावर एकदम भार टाकायचा नसतो. पहिल्या दिवशी त्याचा पाव हिस्सा, तोही थोडा थोडा. बिनसुईची सिरिंज कशी धरायची ते जनावरांच्या डॉक्टरांनी दाखवलं: सुळ्याच्या मागे, ओठाच्या कडेने, एका वेळी अर्धा-एक मिली. गिळलं की पुढचं. मान वर ओढली तर अन्न फुप्फुसात जातं. आणि माणसाची पॅरासिटामॉल कधीच नाही; एका गोळीने मांजर मरू शकते.

सासरे वारकरी. त्यांनी विचारलं, "एका जिवासाठी दुसरा जीव?" प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळत नाही. पण उंदरांसाठी मांजर पाळली, त्याच दिवशी आपण आपल्या सोयीने त्याचं उत्तर देऊन टाकलं. धान्य राखायला तिचे दात चालतात आणि ती अंथरुणाला खिळली की मात्र आपल्याला अहिंसा आठवते, हे मला पटत नाही. सासरे चुलीकडे फिरकले नाहीत, पण अडवलंही नाही. संध्याकाळी काट्यावर किती भरली ते मात्र विचारायचे.

दाढ काढायला तिला नागपूरला न्यावं लागलं. गाडीभाड्याचा तो खर्च गावात सगळ्यांना झेपणारा नाही. आमचा पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये वेगळा झाला. इथल्या जनावरांच्या डॉक्टरांवर गाई-बैल, शेळ्यांचं काम आधीच भरपूर आहे आणि ते आधी व्हायलाच हवं. पण नव्या जिल्ह्याच्या प्रत्येक पशुचिकित्सालयात आणि १९६२ क्रमांकाच्या फिरत्या पशुवैद्यकीय गाडीत लहान जीव तोलायचा काटा व चार सिरिंजा ठेवाव्यात. भरवायचं कसं, हे दाखवायला डॉक्टरांची दहा मिनिटं लागतील.