चिठ्ठी, किल्ली आणि मण्यांची माळ

नायिका पाकीट फोडते, दोन ओळी वाचते आणि तिचा चेहरा एकदम उतरतो. लगेच सबंध पडदाभर ती चिठ्ठी येते. थिएटरात कोणी तरी आजोबा नातवासाठी ती मोठ्यांदा वाचू लागतात, आजूबाजूचे 'शूः' करतात, तोवर चिठ्ठी नाहीशी होऊन पुन्हा नायिका समोर! या मधल्या तुकड्याला चित्रपटवाले 'इन्सर्ट' म्हणतात. दिवाळीनिमित्त आज नटनट्यांना सुट्टी देऊ आणि या मुक्या वस्तूंची विचारपूस करू.

आधी एक घोटाळा निस्तरला पाहिजे. जवळून घेतलेले प्रत्येक दृश्य म्हणजे इन्सर्ट नव्हे. चेहरा जवळून दाखवला तर तो क्लोजअप. त्याच प्रसंगातली एखादी वस्तू, किंवा ती हाताळणारा हात, तेवढाच वेगळा काढून मध्ये बसवला की झाला इन्सर्ट. आणि प्रसंग सोडून कॅमेरा खिडकीबाहेरच्या कावळ्याकडे वळला, तर त्याला 'कटअवे' हे निराळे नाव आहे.

युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधल्या जी. ए. स्मिथ यांनी 1900 साली एक चिमुकला चित्रपट काढला. त्यात आजीचे भिंग नातवाच्या हाती लागते आणि तो त्यातून घड्याळ, पिंजऱ्यातला पक्षी, मांजराचे डोके, इतकेच काय खुद्द आजीचा डोळाही पाहतो. गोष्ट अशी काही नाहीच, नुसती मौज! वस्तूकडून गोष्ट वदवून घेण्याचे काम पुढे ग्रिफिथसारख्यांनी केले. त्याच्या 1911 सालच्या 'द लोनडेल ऑपरेटर'मध्ये आजारी बापाच्या जागी तारयंत्रावर बसलेली मुलगी दोन दरोडेखोरांना पिस्तूल रोखून थोपवून धरते. मदत येते, चोर पकडले जातात, आणि मग ग्रिफिथ तिच्या हातातली वस्तू जवळून दाखवतो. ते पिस्तूल नसतेच, असतो साधा पाना! चोरांबरोबर प्रेक्षकही फसलेला असतो. हा तुकडा दोन मिनिटे आधी दाखवला असता तर सगळी गंमत गेली असती. काय दाखवावे याच्याइतकेच केव्हा दाखवावे हेही महत्त्वाचे असते, ते असे.

हे तुकडे पुष्कळदा मुख्य चित्रीकरण उरकल्यावर, सवडीने घेतले जातात. त्यामुळे पडद्यावर पत्र उघडणारा नाजूक हात नायिकेचाच असेल याची खात्री बाळगू नये. एवढ्याशा कामासाठी नामांकित नटीला बोलावणे कोणाला परवडते? बांगड्या आणि अंगठी तेवढी जुळली की काम भागते. मला स्वतःला यात फसवणूक वाटत नाही, पण आमच्या घरात यावर मतभेद आहेत.

खरी कसोटी संकलकाची. फिल्मच्या जमान्यात पडद्यावर दर सेकंदाला 24 चित्रे सरकत, म्हणजे 35 मिलिमीटरच्या पट्टीचा दीड फूट. चिठ्ठी तीन सेकंद ठेवायची तर साडेचार फूट पट्टी खर्ची पडे. भरभर वाचणारा कंटाळू नये आणि सावकाश वाचणाऱ्याची ओळ अर्धी राहू नये, असे बेताचे माप काढावे लागे. दोन वेळा घेतलेले दृश्य नीट जुळत नसेल तर मध्ये एखादी किटली किंवा टेलिफोन बसवून सांधा झाकण्याची सोयही संकलकाला असते. चांगला शिंपी ठिगळावर नक्षी काढतो, त्यातलाच प्रकार.

वस्तूला भीतीचे काम द्यायचे तर घड्याळासारखी वस्तू नाही. 'हाय नून' (1952) मध्ये दुपारी बाराच्या गाडीने सूड घ्यायला गुंड येणार आहे आणि गावातला एकही माणूस मार्शलच्या मदतीला उभा राहत नाही. पुन्हा पुन्हा भिंतीवरचे घड्याळ दिसते. बारा वाजत येतात तसे लंबक, गावकऱ्यांचे चेहरे, रिकामी खुर्ची असे तुकडे एकामागून एक येत राहतात आणि प्रेक्षकाचा हात नकळत मनगटावरच्या घड्याळाकडे जातो. या संकलनाला ऑस्कर मिळाले.

हिचकॉकने हेच काम जेवणाच्या टेबलावर करून दाखवले. त्याच्या 'सॅबोटाज' (1936) मध्ये नवऱ्याने पाठवलेल्या बाँबने बायकोचा लहानगा भाऊ मरतो, आणि त्यानंतर तिला त्याच नवऱ्याला जेवायला वाढायचे आहे. ती मांस कापते, सुरी खाली ठेवते. हात पुन्हा सुरीकडे जातो. हात, सुरी, भाजीचे भांडे, नवऱ्याची नजर, परत हात. बोलणे जवळजवळ नाहीच. पण बाईच्या मनात काय शिजते आहे ते आधी तिच्या हाताला कळते आणि मग तिला! उलट 'नटोरियस' (1946) मध्ये त्याच हिचकॉकने कात्रीच बाजूला ठेवली. वरून दिसणाऱ्या मेजवानीच्या गर्दीतून कॅमेरा खाली उतरत उतरत इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीतल्या किल्लीपर्यंत येतो. एकही काप नाही. इन्सर्टचे काम इन्सर्टशिवाय!

फ्रिट्झ लांगच्या 'एम' (1931) बद्दल लिहिताना मात्र हात आखडतो. आई शाळेतून येणाऱ्या मुलीची वाट पाहते आहे, हाका मारते आहे. रिकामा जिना दिसतो, रिकामी ताटली दिसते. मग झुडपातून मुलीचा चेंडू घरंगळत येतो आणि फुगा तारांत अडकतो. खून कुठेच दिसत नाही. चेंडू थांबतो तेव्हा सारे कळलेले असते.

आता पत्रे थोडी झाली आणि आपल्याकडची तारही जुलै 2013 मध्ये बंद झाली. त्यांची जागा मोबाइलच्या काचेने घेतली. 2010 मध्ये सुरू झालेल्या 'शेरलॉक' या ब्रिटिश मालिकेने निरोपाची अक्षरे थेट पात्राच्या बाजूला हवेत उमटवली. सोयीचे आहे खरे. पण पत्राची घडी, शाईचा डाग, थरथरते बोट या सगळ्याला आपण मुकलो, असे माझे जुनाट मत आहे.

'पथेर पांचाली' (1955) आठवा. शेजारीण दुर्गावर मण्यांच्या माळेच्या चोरीचा आळ घेते. दुर्गा 'नाही' म्हणते, आईचा मार खाते. पुढे पावसात भिजून ती तापाने जाते. गाव सोडण्यासाठी घरातली आवराआवर चाललेली असताना अपूच्या हाती एक वाटी लागते, आणि वाटीत ती माळ! आई-बापापैकी कोणालाही न सांगता तो तळ्याकडे धावतो आणि माळ भिरकावून देतो. आता पडद्यावर फक्त पाणी. शेवाळात एक भोक पडले आहे. संकलक दुलाल दत्त यांनी हा तुकडा लगेच तोडलेला नाही. कडेचे शेवाळ हळूहळू सरकत येते आणि भोक मिटते. अपू काही बोलत नाही. मग ओसाड घरात साप शिरतो आणि बैलगाडी गावाबाहेर पडते.