व्याघ्रदर्शनाचें वेड

सुटी लागली कीं सुशिक्षित घरांतील मंडळी ताडोबाला जाऊन येतात, आणि परत आल्यावर त्यांस एकच प्रश्न विचारला जातो : वाघ दिसला का ? होकार आला तर प्रवास सफळ. नकार आला तर पैसे बुडाले! आमचा आक्षेप या प्रश्नालाच आहे.

१९३५ सालीं ताडोबांत शिकारीस बंदी झाली, १९५५ सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तर शिकार हा गुन्हाच ठरविला. तेव्हां शिकार संपली, असा आपला गोड समज आहे. संपली ती बंदूक. माग काढणें, वाट अडवून बसणें, सावजास घेरणें आणि दिवाणखान्यांत लावण्याजोगें कांहींतरी घेऊन घरीं येणें, हें सर्व यथास्थित चालू आहे. भिंतीवर कातड्याऐवजीं छायाचित्र लागतें, इतकेंच. ३१ डिसेंबर २०२४ रोजीं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत एक वाघीण आणि तिचे पांच बछडे प्रवाशांच्या गाड्यांमध्यें कोंडले गेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. जुन्या काळच्या हाकाऱ्यांनीं याहून निराळें काय केलें असतें ?

उलट जुन्या शिकाऱ्यांच्या बाजूनें एक गोष्ट कबूल केली पाहिजे, आणि ती कबूल करतांना आम्हांस मुळींच आनंद होत नाहीं. जिम कॉर्बेट रानांत पायीं चालत असे. धुळींतील पंजाचा ठसा, वानराचें खांकरणें, चितळाची हांक यांचा अर्थ त्याला स्वतःस लावावा लागे. तो चुकला तर प्राणाशीं गांठ. आमचा प्रवासी गाडींत बसून असतो. अर्थ वाटाड्यानें लावावा. बंदूक गेली हें फार चांगलें झालें. परंतु तिच्याबरोबर आमचे पाय आणि कानहि गेले, याची खंत कोणास आहे?

मागें आम्ही स्वतः ताडोबास गेलों असतां तळ्याच्या कांठीं वाटाड्यानें गाडी थांबवून वाळक्या झाडावरचा सर्पगरुड दाखविला. एका गृहस्थांनीं लगेच घड्याळ पाहिलें. पुढें भुत्याचीं पांढरीं खोडें लागलीं, ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल दिसली; पण त्या बिचाऱ्यानें बोलणें सोडून दिलें होतें. त्याच तळ्याशीं तारू नांवाच्या गोंड पुरुषाचें देवस्थान आहे. वाघाशीं झुंजतांना तो मेला, अशी कथा सांगतात. गोंडांनीं देव केला तो वाघासमोर पायांवर उभा राहिलेल्या माणसाचा. आमच्या गाडींतून तेथें कोणी मान वळवून पाहिलें नाहीं.

कायद्याचें २८ वें कलम जिज्ञासूंनीं अवश्य वाचावें. अभयारण्यांत प्रवेशाचा परवाना कोणकोणत्या कारणांसाठीं द्यावा, त्यांत वन्यजीवांचा अभ्यास पहिला आणि पर्यटन चौथें आहे. आम्ही चौथ्याला पहिलें केलें आणि पहिल्याला विसरलों.

तर मग वाघाच्या रानांत लोकांस पायीं सोडावें काय, असें कोणी विचारील. छे ! तसें वेडें मागणें आमचें नाहीं. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे : या गाड्यांवर आसपासच्या गांवांतील चुली पेटतात. पेटोत, त्यांची भाकरी कोणीं हिरावून घेऊं नये. परंतु नवेगांव, जामणी यांसारखीं गांवें रानांतून उठविलीं गेलीं, तीं वाघाला निवांतपणा मिळावा म्हणून. ज्या निवांतपणासाठीं लोकांनीं घरें सोडलीं, तो गाड्यांच्या रांगेला विकण्याचा हक्क कोणी कोणास दिला ? आणि वाटाड्याजवळ विकण्याजोगें वाघाखेरीज कांहींच नाहीं, असें आम्हीं तरी कां धरून चालावें ?

मुलांना पहिलें रान दाखवावयाचें असेल तर पनवेलजवळच्या कर्नाळ्यास न्यावें, भीमाशंकरास शेकरूच्या शोधांत हिंडवावें. तेथें पायीं चालतां येतें. ताडोबाला जावयाचेंच असेल तर फाटकाशींच वाटाड्याला सांगावें कीं, दादा, वाघाचें नांव आज काढूं नका. तुम्हांला आवडतें तें दाखवा.