धक्का कुणाला, पाना कुणाकडे?



संक्रांतीला आम्ही सडक अर्जुनीहून नवेगावबांधला मोटारसायकलवर निघालो. पुढे हे, मागे मी, मांडीवर पिशवी आणि बाजूला बांधलेली तांदळाची चुंगडी. कोहमारा ओलांडला आणि एका गतिरोधकावर गाडीचं मागचं अंग पार दबून खट्‌कन आदळलं. कळ कमरेतून थेट मानेपर्यंत! “जरा सांभाळून बसत जा,” हे म्हणाले. मग आठ दिवस मी कंबर शेकत होते. सासूबाई म्हणाल्या, “बाळंतपणानंतर कंबर दुखायचीच.”

खरं दुखणं निघालं गाडीच्या स्प्रिंगमध्ये.

पुष्कळ गाड्यांना मागच्या चाकाशी दोन्ही बाजूंना शॉकअ‍ॅब्सॉर्बर असतात. मिस्त्री त्यांना शॉकअप म्हणतात. बऱ्याच मोटारसायकलींत स्प्रिंगला लागून पायऱ्या असलेली एक कडी असते. कडी वरच्या पायरीवर फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून राहते. मग दोघं बसली तरी गाडी कमी खाली जाते आणि धक्का झेलायला जागा उरते. आमची कडी पहिल्याच पायरीवर होती, म्हणजे एकट्या माणसापुरती!

शर्यतीच्या मोटारींतही हेच तंत्र असतं. तिथे आटे फिरवून मोटार मुद्दाम खाली घेतात, म्हणजे वळणावर ती कमी कलते. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने 1955 साली आणलेल्या डीएस मोटारीत तर चालकाला दांडी सरकवून गाडी उंच करता येई. आपल्याला एवढा थाट नको. शिवणाची टेप पुरे.

गाडी सरळ उभी धरा. कुणी न बसता मागच्या चाकाच्या मध्यापासून वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग दोघं बसा, नेहमीचं सामान घ्या आणि शेजारणीला पुन्हा मोजायला सांगा. जेवढं अंतर कमी झालं, तेवढी गाडी दबली. आता गाडी मेन स्टँडवर घ्या, सायलेन्सर थंड होऊ द्या आणि आकड्याच्या पान्याने कडी एक पायरी चढवा. दोन्ही बाजू सारख्याच हव्यात, नाहीतर गाडी नीट चालत नाही. पुन्हा मोजा, हळू चालवून बघा. एका वेळी एकच पायरी! पाना नसेल तर मिस्त्रीकडे जा.

मागचं अंग दबलं की हेडलाइट वर उठतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. पुढचं चाकही हलकं पडतं. म्हणजे हा प्रश्न नुसत्या कमरेचा नाही. टायरमधली हवाही दोघांच्या हिशेबाने, गाडीच्या पुस्तिकेत बघून भरा. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तर कडी फिरवून भागणार नाही. जोडी बदलावी लागेल. काही स्कूटरना ही कडी नसतेच, तेव्हा आधी चौकशी करा. यांना एकट्याने जायचं असेल तेव्हा कडी परत खाली आणा, नाहीतर गाडी दगडासारखी आदळते.

आमचं दोन पायऱ्यांत काम झालं. खर्च शून्य. मात्र दुखणं राहिलंच किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नका.

आणि एक सांगू? पुढे बसणाऱ्याला मागचा धक्का कळतच नाही. मी आठ दिवस गप्प राहिले, ती चूक माझी. तुम्ही बोला. चहाचा कप हातात देतानाच विचारा, “अहो, आपली कडी कितव्या पायरीवर आहे?”