गावाचे नाव नसलेला संघ

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. गुणतक्ता पाहिला तर २९ संघांच्या नावात गाव, राज्य, नाहीतर निदान एखादी खाडी तरी असते. तिसावा नुसताच ‘अ‍ॅथलेटिक्स’. २०२५ पासून हा संघ कॅलिफोर्नियातल्या वेस्ट सॅक्रमेंटोमध्ये, जेमतेम १४ हजार प्रेक्षक मावतील अशा छोट्या लीगच्या मैदानावर ‘घरचे’ सामने खेळतो आहे. त्या हंगामाचा गणवेश पाहण्यासारखा होता. एका बाहीवर सॅक्रमेंटोचा पूल, दुसऱ्या बाहीवर लास व्हेगस. जिथे खेळतो त्या गावाचे नाव संघाला लावायचे नाही, जिथे जायचे तिथले स्टेडियम २०२८ साठी बांधायला घेतलेले, आणि ज्या ओकलंडमध्ये ५७ हंगाम काढले त्याचा बाहीवर मागमूस नाही.

ओकलंडला हे नवे नव्हते. बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ मध्ये खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेले, फुटबॉलचे रेडर्स २०२० मध्ये लास व्हेगसला. उरला होता बेसबॉलचा संघ. १९७२, ७३, ७४ अशी ओळीने तीन आणि १९८९ मध्ये चौथी वर्ल्ड सिरीज ओकलंडला आणणारा. त्याचा ओकलंडमधला शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाला. ४६,८८९ लोक आले होते. संघ टेक्सासविरुद्ध ३-२ जिंकला, मग व्यवस्थापक मार्क कॉट्से यांनी माइक हातात घेऊन ओकलंडच्या नावाचा गजर करवला आणि लोक मैदानातली माती कपात भरून घरी घेऊन गेले. पहिला मानाचा चेंडू टाकणाऱ्यांत याच गावात वाढलेले, याच संघाकडून खेळलेले रिकी हेंडरसन होते. डिसेंबरमध्ये तेही गेले.

मालक जॉन फिशर हे गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या घराण्यातले. ओकलंडमध्ये लोक सामन्यांना येत नाहीत, स्टेडियम जुने झाले आहे, अशी संघाची तक्रार होती. स्टेडियम जुने होते यात वाद नाही. सांडपाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरल्याच्या बातम्या येत, आणि २०२३ मध्ये पाहुण्या संघाच्या समालोचकांना ऑपॉसम नावाच्या प्राण्याच्या उपद्रवामुळे आपली खोली सोडावी लागली. पण लोक का येत नव्हते? २०२१ मध्ये या संघाने ८६ सामने जिंकले होते. त्यानंतर मॅट ओल्सन गेला, मॅट चॅपमन गेला, शॉन मर्फी गेला. ज्यांच्यासाठी तिकीट काढावे ते एकेक करून दुसऱ्या संघांना देऊन टाकले आणि हंगामी तिकिटांचे दर मात्र चढवले. २०२३ मध्ये संघ ११२ सामने हरला. दुकानातला माल काढून घ्यायचा, भाव वाढवायचे आणि गिऱ्हाइकाची निष्ठा आटली म्हणून गळा काढायचा, असा हा प्रकार.

त्याला चाहत्यांनी दिलेले उत्तर बहिष्काराच्या बरोबर उलटे होते. १३ जून २०२३ च्या मंगळवारी त्यांनी ठरवून स्टेडियम भरायला घेतले. २७,७५९ लोक आले, हिरव्या शर्टांवर फिशर यांना उद्देशून एकच शब्द, ‘विका’. संघ तेव्हा लीगमध्ये तळाला होता आणि समोर टाम्पा बेचा दमदार संघ, तरी ओकलंड २-१ असा जिंकला. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने लास व्हेगसच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक पैशाचे विधेयक मंजूर केले. चला, एका रात्रीपुरती तरी सरासरीच्या जवळ जाणारी गर्दी झाली, अशा अर्थाचा शेरा लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी मारला. नोव्हेंबरमध्ये सर्व ३० मालकांनी एकमताने स्थलांतराला मंजुरी दिली, वर स्थलांतराचे शुल्कही माफ केले.

एकमत व्हायचेच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली, ती थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. संघ ३० च ठेवायचे आणि संघ मागणारी गावे त्याहून जास्त असू द्यायची, हे मालकांच्याच हातात. म्हणून आज ओकलंडवर गदा आली तर उरलेल्या २९ मालकांचे काहीच बिघडत नाही. उलट उद्या आपापल्या महापौराला दाखवायला एक उदाहरण मिळते. ओकलंड परिसरातल्या दोन खासदारांनी २०२३ मध्येच एक विधेयक आणले होते. गाव सोडणाऱ्या मालकाने भरपाई द्यावी, नाहीतर त्या सवलतीवर पाणी सोडावे. ते पुढे सरकलेच नाही.

आता सॅक्रमेंटोकडे पाहा. तिथल्या मैदानाच्या मालकवर्गाचे म्होरके मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे. २०१३ मध्ये सॅक्रमेंटोचा बास्केटबॉल संघ सिएटलला जाणार हे जवळपास ठरले होते. रणदिवे यांच्या गटाने तो विकत घेतला, शहराने नव्या स्टेडियमसाठी पैसा उभा केला आणि संघ गावातच राहिला. तेच रणदिवे आता ओकलंड सोडून आलेल्या संघाला ओसरी देऊन बसले आहेत. पुढेमागे सॅक्रमेंटोला स्वतःचा मेजर लीग संघ मिळावा हा हिशेब त्यामागे आहे, आणि व्यापारी म्हणून तो चुकीचाही नाही. पण २०१३ मध्ये सॅक्रमेंटोची बाजू न्यायाची होती, तर २०२३ मध्ये ओकलंडची का नव्हती, हे त्यांनीच सांगावे. आणि ज्या गर्दीवरून ओकलंडला बोल लावला, ती सॅक्रमेंटोतही पहिल्या हंगामात सरासरी दहा हजारांच्या आतच राहिली.

ओकलंड हातावर हात ठेवून बसलेले नाही. पायोनियर लीग या छोट्या लीगमध्ये ओकलंड बॉलर्स हा संघ २०२४ मध्ये उतरला. दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी त्यात पैसे घातले, आणि दुसऱ्याच हंगामात, २०२५ मध्ये, त्याने विजेतेपद मिळवले. कौतुक करावेच. पण वर्ल्ड सिरीज पाहिलेल्या गावाची यावर बोळवण करू नये. बॉलर्सचा पिचर चांगला निघाला तर एखादा मोठा संघ त्याला उचलून नेणार, हे मैदानावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. आणि अ‍ॅथलेटिक्सने सोडलेल्या स्टेडियममध्ये, म्हणजे ओकलंडच्या कॉलिझियममध्ये, २०२५ च्या जूनमध्ये क्रिकेट झाले. सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्सच्या फिन अ‍ॅलनने तिथे एका डावात १९ षटकार मारले. समोर होता वॉशिंग्टन फ्रीडम, आपल्या मुंबईकर सौरभ नेत्रावळकरचा संघ. बे एरियातल्या मराठी घरांना त्या आठवड्यात कॉलिझियमचा रस्ता सापडला असेल. ज्यांच्या आजोबांपासून तिथे बेसबॉल पाहिला गेला, त्या घरांना त्याने काय समाधान मिळणार?

स्थानिक संघ ‘आपला’ असतो तो मालकाची मर्जी असेपर्यंत, ही गोष्ट लास व्हेगसने ओकलंडच्या अनुभवातून नीट ताडली. तिथल्या स्टेडियम प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये भाडेकराराबरोबरच आणखी एक करार मंजूर केला. संघाने ३० वर्षे लास व्हेगस सोडायचे नाही, असे त्यात फिशर यांच्याकडून लिहून घेतले आहे.