उघड्या डोळ्यांची डुलकी

सुट्टी लागली की घरोघरी सहलीचे बेत शिजू लागतात. भाड्याची गाडी सांगितली जाते. रात्री जेवून निघायचे, पहाटे शिर्डीला काकड आरती गाठायची, दुपारी वाटेतली एकदोन ठिकाणे पाहायची आणि रात्रीच परत फिरायचे. मुक्कामाचा खर्च वाचतो. या हिशेबात ड्रायव्हरच्या झोपेचा रकाना मात्र नसतो. आपण दर्शनाच्या रांगेत असतो, तेव्हा तो तापलेल्या गाडीत पाय दुमडून पडलेला असतो. त्यालाच आपण त्याची विश्रांती म्हणतो!

दारू पिऊन गाडी चालवणे हा गुन्हा आहे. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सापडला, तर आपल्याकडे शिक्षा होते. जागरणाचे काय? सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतका बिघडतो, असे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले. सकाळी सहाला उठलेला ड्रायव्हर रात्री अकराला आपल्याला घेऊन निघतो, तेव्हा त्याचे सतरा तास भरलेले असतात. नाक्यावरचा पोलीस तोंडाचा वास घेतो. जागरणाला वास नसतो.

पहाटे दोन ते पाच ही वेळ तर वैऱ्याची. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी यांनी झोप थोडी लांबते, टळत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर धावते. चार सेकंद डोळा लागला, तर जवळजवळ ९० मीटर ती कोणीच चालवत नसते.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. एकदोन गाड्यांच्या मालकाकडचा ड्रायव्हर त्यातून निसटला. "साहेब, सवय आहे," असे तो हसून म्हणतो, कारण नाही म्हटले तर भाडे दुसऱ्याकडे जाते. त्याचे पोट फेऱ्यांवर आहे. मग जबाबदारी कोणाची? निघण्याची वेळ तर आपणच ठरवतो.

म्हणून गाडी सांगताना दराबरोबर एवढेही विचारावे, ड्रायव्हर आदल्या रात्री झोपला होता का? शक्यतो पहाट झाल्यावर निघावे. मुक्कामी खोली घेताना एक खाट जास्त सांगावी. त्या खाटेवर तो निजला, तरच गाडीत मागे निजलेली आपली मुले सुखरूप घरी येतील.