शेजारच्या माई

गेल्या महिन्यांत आमच्या शेजारच्या माई वयाच्या ९५ व्या वर्षीं निवर्तल्या. पिकलें पान गळालें, असें म्हणून लोक घरोघर परतले. आम्हांसही तसेंच म्हणतां आलें असतें. परंतु तेराव्याच्या दिवशीं एक पन्नाशीचा गृहस्थ दाराशीं आला आणि आंत यावें कीं न यावें अशा संकोचानें उभा राहिला. माईंच्या सुनेनें पुढें होऊन त्यास पाटावर बसविलें. जमलेल्या मंडळींपैकीं एकानें आमच्या कानाशीं लागून विचारलें, "हे कोण?" ते आमच्या जुन्या बोळांतील पिंजाऱ्याचे नातू. एवढ्या उत्तरानें विचारणाऱ्याचें समाधान झालें नाहीं, म्हणून हा मजकूर लिहीत आहों.

नारायण पेठेंतील एका वाड्यांत आमचें बिऱ्हाड तळमजल्यावर व माईंचें माडीवर होतें. हल्लीं वाड्यांचे गोडवे गाण्याची चाल पडली आहे. गाणाऱ्यांनीं सकाळची संडासापुढची रांगही आठवावी, एवढीच विनंति! माईंचे यजमान शाळामास्तर. त्या स्वतः तिशीच्या आंतबाहेर असाव्यात. त्यांचें सोवळें कडक. धाबळी नेसून त्यांचा स्वयंपाक चालला असतां आम्हां पोरांना उंबरठ्याच्या आंत पाऊल टाकण्याची छाती होत नसे. विरजण मागावयास गेलें तर वाटी उंबऱ्यावर ठेवावयाची व चार पावलें मागें सरावयाचें, असा शिरस्ता होता.

ता. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें धरण फुटलें व पाठोपाठ खडकवासल्याचेंही गेलें. मुठेचें पाणी बोळांत शिरलें तेव्हां वडील कपाटांतील कागदपत्रें काढण्याच्या खटपटींत होते. पुढें तीं तशींच सोडून आम्ही हातांस लागेल तें घेऊन माडीवर धांवलों. देवडींत राहणारें परटाचें कुटुंब आमच्या मागें जिना चढलें. बोळांतील पिंजाऱ्याचें मातीचें घर बसलें होतें. तो आपल्या म्हाताऱ्या आईला पाठुंगळीं घेऊन छातीभर पाण्यांतून वाड्यांत आला आणि जिन्याच्या तोंडाशीं थबकला. वरून माईंचा आवाज आला, "उभा काय राहिलास? म्हातारीला वर आण आधीं." जिन्याच्या तीन पायऱ्या तेवढ्या कोरड्या राहिल्या होत्या.

त्या रात्रीं दोन खोल्यांत आम्ही एकोणीस माणसें होतों. माईंनीं शेगडीवर मुगाची खिचडी केली आणि सर्वांना एकाच ओळींत वाढली. धाबळी खुंटीवर तशीच होती. पुण्याचें पिण्याचें पाणी खडकवासल्याहून येई. तें धरण रितें झाल्यामुळें, सकाळीं पाण्यांत बुडालेल्या शहराला दुसऱ्या दिवशीं प्यावयास पाणी नव्हतें. पुरुषमंडळी सदाशिव पेठेंतील एका विहिरीवरून घागरी आणीत. माई त्यांत तुरटी फिरवून तांब्यानें मोजून पाणी देत, आणि पहिला तांब्या पिंजाऱ्याच्या आईला. आमच्या आजीनें मात्र त्या घरांत शिजलेलें अन्न घेतलें नाहीं. गूळ व शेंगदाणे यांवर तिनें पांच दिवस काढले.

येथवर सांगणें सोपें होतें. पुढच्या वर्षीं चैत्रांत माईंकडे नेहमींप्रमाणें हळदीकुंकू झालें. आजीनें आईस जाऊं दिलें नाहीं. "त्या ओळीचें काय प्रायश्चित्त घेतलें तिनें?" असा तिचा प्रश्न होता. ज्या माडीनें आमचे जीव वांचविले, तिचा जिना त्या दिवशीं आमच्या घरांतलें कोणी चढलें नाहीं. वाड्यांतील आणखीही दोन बिऱ्हाडें गेलीं नाहींत. तिन्हीसांजेला माईंच्या मुलाच्या हातीं आंबेडाळ व पन्हें खालीं आलें. आईनें तें दाराआड घेतलें. वडील वाचीत बसले होते; ते कांहीं बोलले नाहींत. ते सुशिक्षित होते, म्हणून त्यांच्या न बोलण्याचें आम्हांस आजीच्या बोलण्याहून अधिक वाईट वाटतें.

सहा वर्षांनीं आजीला अर्धांगवायु झाला. आई एकटी पुरी पडेना. तेव्हां माई रोज दुपारीं खालीं येऊन तिला कुशीवर वळवीत, पाठ पुसून काढीत, चमच्यानें पेज भरवीत. आजी तोंड उघडी. पहिल्या दिवशीं तिच्या डोळ्यांतून पाणी आलें खरें. पण आजाऱ्याच्या डोळ्यांतून तें उगीचही येतें, तेव्हां त्याचा अर्थ आम्ही लावीत नाहीं. दोघींमध्यें चैत्राचा विषय कधीं निघाला नाहीं.

पुढें वाडा पाडून तेथें इमारत झाली व आमची दारें समोरासमोर आलीं. आजी, वडील, आई सर्व गेलीं. हिशेब चुकता करावयाला आम्हीच उरलों होतों, आणि आम्हीही वर्षानुवर्षें तें टाळलें. शेवटीं गेल्या चैत्रांत धीर करून माईंपाशीं बसलों. त्यांना ऐकूं कमी येई. मोठ्यानें बोलावें लागलें, आणि असली गोष्ट मोठ्यानें बोलणें किती अवघड! "माई, त्या वर्षीं आमच्याकडचें हळदीकुंकवाला कोणी आलें नाहीं," एवढेंच कसेंबसें म्हणालों.

माई थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या वर्षीं कैऱ्या फार महाग होत्या रे. सगळ्या आल्या असत्या तर डाळ पुरली नसती." आणि सुनेला हांक मारून त्यांनीं आमच्यासाठीं पन्हें मागविलें.